मग ती आई परत का नाही आली?

शनिवारी रात्री जेवणं उरकली की मुलं सोफ्यावर पांघरूण घेऊन बसतात आणि 'काहीतरी लाव ना' सुरू होतं. आठवडाभराचे डबे, ऑफिस, गृहपाठ यांत आपण इतके शिणलेलो असतो की वरचं चित्र बघूनच सिनेमा ठरतो. सिंड्रेला आहे, रापुन्झेल आहे, डिस्नेचं नाव आहे. लावून दिलं आणि आपण ओटा आवरायला गेलो. बहुतेक घरांत हे असंच चालतं, आणि त्यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही.

रॉब मार्शल यांचा 'इन्टू द वूड्स' हा २०१४ चा सिनेमा आमच्याकडे असाच लागला. तुमच्याही घरी कधीतरी लागेल, म्हणून त्याबद्दल थोडं बोलावंसं वाटलं.

गोष्ट मजेशीर आहे. एक पाववाला आणि त्याची बायको. घरात मूल नाही, कारण शेजारच्या चेटकिणीचा शाप. तो उतरवायचा तर पांढरी गाय, लाल झगा, पिवळे केस आणि सोनेरी बूट अशा चार वस्तू तीन रात्रींच्या आत आणायच्या. त्यासाठी दोघं जंगलात जातात आणि तिथे त्यांना जॅक, रेड रायडिंग हूड, रापुन्झेल, सिंड्रेला असे सगळे भेटतात. मेरिल स्ट्रीप चेटकीण झाली आहे आणि तिने ती फार ताकदीने केली आहे. पहिला तासभर मुलं रमतात. बाळ येतं, सिंड्रेलाचं लग्न लागतं. मुलं पांघरुणातून बाहेर यायला लागतात, संपला म्हणून.

आणि तेवढ्यात जमीन हादरते. जॅकने मारलेल्या राक्षसाची बायको सूड घ्यायला खाली उतरलेली असते.

मुळात हे नाटक. संगीत आणि गीतं स्टीफन सॉन्डहाइम यांची, संहिता जेम्स लपाइन यांची; १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. तिथे सगळं गोड झाल्यावर पडदा पडतो, मध्यंतर होतं, आणि दुसऱ्या अंकात 'पुढे काय झालं' याची अवघड गोष्ट सुरू होते. मध्यंतरात पाणी पिऊन, पाय मोकळे करून माणूस तयार होऊन बसतो. सिनेमाने ती उसंत काढून टाकली. लग्नाच्या आनंदातून मूल थेट पडझडीत जाऊन आदळतं.

मग पाववाल्याची बायको मरते. सबंध सिनेमात मुलांना सगळ्यात जवळची वाटलेली हीच बाई. चतुर, थोडी खोटं बोलणारी, बाळासाठी काहीही करायला तयार असलेली. ती कड्याच्या टोकाशी आहे, जमीन हलते, आणि ती दिसेनाशी होते. झालं, एवढंच. कुणी हाक मारत नाही, कुणी धावत येत नाही. समोर बसलेल्या मुलाला ती गेली हे कळायलाच वेळ लागतो.

माझी धाकटी दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते तिथे येऊन बसली. एक एक पान तोडत म्हणाली, "ती झाडाला अडकली असेल ना गं?" मग थोड्या वेळाने, "पण मग ती आई परत का नाही आली? बाळ रडत होतं ना?" ती घाबरली नव्हती. रात्रभर ती त्या बाईला शोधत होती.

मला ह्या सिनेमाने निराश केलं ते इथे. नाटकात बायको गेल्यावर पाववाल्याला एक गाणं आहे. बाळाला दुसऱ्यांच्या हातात देऊन तो पळून निघालेला असतो, आणि त्याला लहानपणी टाकून गेलेला त्याचा बाप त्याला भेटतो. थकलेल्या, हरलेल्या माणसाचं गाणं आहे ते. सिनेमात ते गायलंच जात नाही, मागे नुसते सूर वाजतात. नाटकात रापुन्झेल मरते. सिनेमात ती राजपुत्राबरोबर घोड्यावरून निघून जाते, म्हणजे चेटकिणीचं दुःखही पातळ झालं. मरण ठेवलं आणि रडणं कापलं, असं काहीसं झालंय. हेतू वाईट नसणार. मुलं बघणार आहेत, त्यांना फार त्रास नको, असंच कुणाला तरी वाटलं असेल.

आपल्याला तरी दुसरं काय वाटतं? काचेच्या भांड्यातला मासा मेला तर मूल शाळेतून यायच्या आत आपण तसाच दुसरा आणून सोडतो. आजी गेली की 'देवाघरी गेली' म्हणतो आणि लगेच 'चल, दूध पी'. प्रेमापोटीच करतो. उद्या शाळा आहे, ते रात्री दचकून उठेल, आणि खरं सांगायचं तर आपल्याच घशाशी हुंदका आलेला असतो; त्याच्यासमोर आपण रडलो तर काय, ही भीती असते.

पण मुलांना दुःखाच्या गोष्टी नकोशा असतात असं काही नाही. शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापलेल्या गोष्टीत लांडगा रेड रायडिंग हूडला खातो आणि गोष्ट तिथेच संपते, सोडवायला कुणी येत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडायचा बेत सख्ख्या आईचा आहे. पुढे तिची सावत्र आई झाली. जंगलात सोडणं मात्र कुणी काढलं नाही. आणि आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळ्याला चटका बसतोच की! तो चटका गाळून बघा, मुलं लगेच पकडतात. आपण स्वतः 'श्यामची आई' वाचून उशीत तोंड खुपसून रडलोय. त्या रडण्याला साने गुरुजींनी भरपूर जागा दिली होती.

म्हणून वाटतं, मूल विचारायला आलं की हातातलं काम जरा बाजूला ठेवावं. 'मेली ती, कड्यावरून पडली' हे साध्या शब्दांत सांगावं. मी तसंच सांगितलं. धाकटी गप्प झाली, मग तिला बाळाची काळजी लागली: त्याला दूध कोण देणार, ते झोपणार कुणाजवळ. आम्ही बराच वेळ त्या बाळाची सोय लावत बसलो. मधे तिचे डोळे भरून आले, ते भरू दिले. अशा वेळी 'यातून काय शिकलीस' हे तेवढं विचारू नये, त्याने पोरं मिटून जातात.

सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर सिनेमा लग्नापाशी खुशाल बंद करा. त्यात फसवणूक नाही. अमेरिकेतल्या शाळांसाठी ह्याच नाटकाची छोटी आवृत्ती आहे, ती पहिल्या अंकावरच थांबते. मात्र दुसरा भाग दाखवणार असाल तर शेजारी बसा. मुलाला तिथे कुणाचा तरी हात हातात हवा असतो. पहिल्या भागातही लांडग्याचा एक प्रसंग आहे, जॉनी डेपचा. तो मोजकाच आहे, पण त्याचं बोलणं-बघणं आपल्याला खटकेल असं आहे. त्यावरही मुलाने काही विचारलं तर टाळू नका.

दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर मी सिनेमापेक्षा मूळ नाटकाचं चित्रीकरण शोधा म्हणेन. १९९१ मध्ये ते अमेरिकन टीव्हीवर दाखवलं गेलं. पाववाल्याच्या बायकोचं काम त्यात जोआना ग्लीसन यांनी केलंय, ह्याच भूमिकेसाठी त्यांना रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला होता. ती गेल्यावर जे रिकामं होतं ते तिथे खरंच रिकामं वाटतं. आणि बाप-लेकाचं ते गाणं त्यात आहे. आमच्याकडे असले प्रश्न बहुतेक आईच्याच वाट्याला येतात, बाबांपर्यंत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. ते गाणं तरी घरातल्या बाबांनी मुलांना जवळ घेऊन बघावं, असं मला फार वाटतं.