मालकाविना व्याकुळ होणारा कुत्रा

मलाजखंड (जि. बालाघाट) येथे १९८२ साली हिंदुस्थान कॉपर लिमिटेडचा तांबे प्रकल्प उभा राहिला. अशा ठिकाणी मालक पाळीवर गेला की घरचा कुत्रा एकटा पडतो. काही कुत्री मग दार ओरबाडतात, विव्हळत राहतात, घरातच घाण करतात. बहुधा मालक जाताच अर्ध्या तासात हे सुरू होते. यास खोडी समजून मारणे चूक होय. ती भीती असते व माराने वाढते.

प्रथम पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी. मालक घरी असतानाही वागणूक एकाएकी पालटली, लाळ गळू लागली वा आवाज घोगरा झाला, तर कुत्रा पिसाळल्याची शंका घ्यावी व त्यास हात लावू नये. तो चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

खरा भर शिकवणीवर हवा. किल्ली उचलावी, चपला घालाव्यात, पण बाहेर जाऊ नये. पुढे क्षणभर बाहेर जाऊन परतावे आणि कुत्रा शांत राहिला तरच वेळ वाढवावी. येथे घाई नडते. या काळात पाळीच्या वेळी त्यास शेजाऱ्याकडे सोपवावे. शेजारी तयार असेल तर!

त्रास तीव्र असल्यास पशुवैद्यक क्लोमिप्रामीन किंवा फ्लुऑक्सेटीन देतात. गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. औषध शिकवणीच्या जोडीनेच द्यावयाचे असते. ते मध्येच एकाएकी थांबवू नये, तसेच घरातील माणसाच्या गोळ्या आपल्या मनाने कुत्र्यास देऊ नयेत.