दोन्हीकडचे आईवडील, एकच पगार: लग्नाआधी मांडायचा हिशेब

लग्न ठरलं की हॉल, आचारी, मानपान यांच्या याद्या आठवडाभर चालतात. लग्नानंतर दोन्हीकडच्या आईवडिलांना महिन्याला किती पैसे जायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकची मुलं-मुली आता पुणे, बंगळुरू, दुबई, अमेरिका अशी पसरली आहेत आणि जोडीदार कधी तमिळ, कधी पंजाबी, तर कधी परदेशी असतो. अशा घरात हा विषय न बोलता ठेवला, की पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला भडका उडतो.

काही समाजांत, उदाहरणार्थ फिलिपिनो घरांत, हे उघड असतं. परदेशी गेलेल्या मुलीनं घरी पैसे पाठवायचे, हे तिथं गृहीतच धरलेलं असतं. त्यांच्या कुटुंब कायद्यातही आईवडील आणि मुलांवर एकमेकांच्या पोषणाची जबाबदारी आहे. बोलण्यात मात्र आपल्याकडे उलटं. फोनवर वडील म्हणतात, "काही नको रे, भागतंय आमचं." त्याच वेळी गावच्या सोसायटीच्या पीककर्जाच्या थकबाकीची नोटीस देवघराच्या फळीवर दिव्याखाली दाबून ठेवलेली असते. परमुलखातली सून 'काही नको' हे खरंच धरते, आणि त्यात तिची चूक नाही. तिला घरची पद्धत सांगणं हे मुलाचं काम आहे.

उसाच्या गावाचं गणित पगारदारासारखं चालत नाही. गाळप सुरू झालं की कारखान्याचं पहिलं बिल येतं, पुढचे हप्ते मागाहून. पैसा येतो तेव्हा एकदम येतो, आणि तो सोसायटी, खत, उधारी यांत जातोही एकदम. खरी चणचण जून ते सप्टेंबर: आडसाली लागण, बियाणं, मजुरी, नातवंडांच्या फिया, सगळं एकत्र. म्हणून शेतकरी आईवडिलांना दरमहा सारखी रक्कम पाठवण्यापेक्षा किराणा-औषधापुरती छोटी रक्कम दरमहा आणि मोठी रक्कम पावसाळ्याच्या तोंडाला, हे जास्त उपयोगी पडतं. सोसायटीचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज लागत नाही, एकदा थकलं की ही सवलत जाते. तेव्हा भरण्याची तारीख आपल्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

औषधांचा आकडा अंदाजानं धरू नका. मागच्या तीन महिन्यांची बिलं मागवा, बेरीज करा, तीननं भागा. डॉक्टरांना विचारून जनऔषधीतली जेनेरिक औषधं घेतली तर हा आकडा बराच उतरतो. वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयात होतात, पण भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्या खिशातूनच.

आरोग्य विमा घेताना एक गोष्ट जोडप्यांना हमखास माहीत नसते. जुनी करपद्धत घेतली असेल तर ६० वर्षांवरील आईवडिलांच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, सासूसासऱ्यांच्या हप्त्यावर नाही. म्हणून ज्याचे आईवडील त्यानंच आपल्या खात्यातून हप्ता भरावा. नुसते पैसे दिले तर मात्र आईवडील काय किंवा सासूसासरे काय, त्या रकमेवर त्यांना कर लागत नाही.

एकरकमी ठेव शक्य असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. ८.२ टक्के दरानं १५ लाखांवर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला १०,२५०. ठेव आईवडिलांच्याच नावावर होते आणि व्याज त्यांच्या हातात पडतं. मुलाकडे दर महिन्याला हात पसरावा लागत नाही, ही माझ्या मते या योजनेची सगळ्यात मोठी कमाई. अमेरिकेतून पाठवणाऱ्यांनी रोखीचा मार्ग टाळावा. २०२६ पासून रोखीनं पाठवलेल्या रकमेवर तिथं १ टक्का कर आहे, बँक खात्यातून पाठवल्यास नाही.

आता कायदा. 'लग्न झालेल्या मुलीकडून कसं घ्यायचं?' हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच निकाली काढला. कल्याणच्या डॉक्टर विजया अरबट यांच्याविरुद्ध त्यांच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. विवाहित मुलगीही आईवडिलांच्या पोषणाला जबाबदार आहे, असा निकाल लागला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोघं येतात, जावई-सून येत नाहीत. या कायद्याखाली महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. अर्ज वकिलाविना स्वतः करता येतो. माळेगावकरांसाठी ठिकाण बारामतीचं प्रांत कार्यालय.

धर्म किंवा देश वेगळा असेल तर लग्न बहुधा विशेष विवाह कायद्याखाली होतं आणि नोटिशीचे ३० दिवस थांबावं लागतं. ते दिवस नुसते घालवू नका. दोघांनी बसून दोन्ही घरांची दरमहा रक्कम, पावसाळ्याची रक्कम आणि आजारपणाची वेगळी शिल्लक कागदावर लिहा.

आईवडिलांनाही एक सांगणं. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, म्हणून घाई होते. सांभाळ न केल्यास बक्षीसपत्र रद्द करण्याची सोय ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, पण सांभाळाची अट दस्तात असेल तरच तिचा भक्कम आधार मिळतो. ती अट लिहिल्याशिवाय सही करू नका.