डबीवरची बारीक अक्षरे

मधुमेह झालेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, "चहात साखर नको." मग घरात एक लहानशी डबी येते. डबीत बारीक पांढऱ्या गोळ्या. एक गोळी टाकली की कपभर चहा गोड! अशा काही गोळ्यांत अस्पार्टेम नावाचा पदार्थ असतो. तो साखरेच्या सुमारे २०० पट गोड असतो.

मोठ्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी घेतली तर त्यात वावगे नाही. पण डबीवर बारीक अक्षरांत एक इशारा असतो. फेनिलकीटोन्यूरिया असलेल्यांनी ही घेऊ नये. आपल्या देशाच्या कायद्याने तो छापावाच लागतो. शब्द लांबलचक आहे. तोडून वाचा : फे-निल-की-टो-न्यू-रि-या.

हा काय रोग? आपण बांगडा खातो, कुळथाची पिठी खातो. त्यातून अंगाला प्रथिने मिळतात. प्रथिनांत फेनिलॲलनीन नावाचा एक घटक असतो. त्यातला जास्तीचा भाग आपले यकृत, म्हणजे लिव्हर, मोडून टाकते. काही थोड्या मुलांच्या यकृताला जन्मापासूनच हे काम जमत नाही. मग तो घटक रक्तात साठतो आणि मेंदूला इजा करतो. अस्पार्टेमचा निम्म्याहून अधिक भाग हाच घटक आहे!

नॉर्वे हा आपल्या मालवणसारखाच मासळीवर जगणारा देश. तिथल्या एका बाईची दोन्ही मुले मंदबुद्धीची निघाली. मुलांच्या अंगाला, लघवीला चमत्कारिक वास येई. ती एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे हिंडली. कोणी लक्ष दिले नाही. तिने मात्र पिच्छा सोडला नाही. शेवटी १९३४ साली फोलिंग नावाच्या डॉक्टरांनी मुलांची लघवी तपासली आणि हा रोग उजेडात आला. तिच्या मुलांना उशीर झाला होता. पण पुढच्या मुलांना वाट सापडली.

आपल्याकडे मूल असे झाले की देवचाराचे नाव निघते, नाहीतर सुनेला बोल लागतो. दोन्ही चूक. दोष आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो, तेव्हाच रोग होतो. दोघेही स्वतः धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या दर मुलामागे चारात एक धोका असतो. मामाची मुलगी करण्याची आपली चाल आहे. जवळच्या नात्यात दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो.

जन्मताना मूल चांगले दिसते. म्हणून दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब टीपकागदावर घेऊन तपासतात. जन्मतःचे दोष हुडकण्यासाठी गोवा सरकारने २००८ साली नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. रोग लवकर कळला आणि पहिल्या दिवसांपासून पथ्य सांभाळले, तर मूल इतरांसारखे शिकते. पथ्य कडक असते. मासे, अंडी, डाळ बंद किंवा अगदी मोजकी. आईचे दूधसुद्धा मोजून. खास दूध-पावडर डॉक्टर सांगतात.

अशा घरात आजी म्हणते, "एवढ्याशा गोळयेन पोराक काय होतला?" आजीचा जीव मोठा, पण गोळी देऊ नये.

इशारा इंग्रजीत असला तर आकडा शोधा. अस्पार्टेमचा आकडा ९५१. तो इंग्रजी अंकांत छापतात, तेव्हा ते तीन अंक ओळखायला शिका. 'साखर नाही' म्हणणाऱ्या काही थंड पेयांत, च्युइंगगममध्ये आणि चघळायच्या काही औषधी गोळ्यांतही तो सापडतो. पथ्याच्या मुलासाठी औषध घेताना दुकानदाराला हे आधी विचारावे.