अपस्मार आणि कॅल्शियमची द्वारे

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी बराकपूर वसले आहे. या सखल प्रदेशात तळ्यांच्या कडेला व भातखाचरांत शुषनी नावाची चार दलांची, नेच्याच्या वर्गातील वनस्पती उगवते. बंगाली घरांत तिची भाजी करतात. ती खाल्ली असता झोप चांगली लागते, अशी जुनी समजूत आहे. कलकत्ता विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी (१९१७–२००६) यांनी या वनस्पतीचा रासायनिक अभ्यास केला. त्यांच्या संशोधनातून ‘आयुष-५६’ हे अपस्मारावरील औषध तयार झाले. शुषनी हा त्याचा एक घटक होय.

लोकानुभवातून औषध सापडू शकते. परंतु ते शरीरात नेमके कोठे कार्य करते, हा प्रश्न वेगळाच असतो. आधुनिक वैद्यकातही उपयोग आधी व उलगडा मागाहून, असे पुष्कळदा घडले आहे. ‘इथोसक्सिमाइड’ हे त्याचे उत्तम उदाहरण.

चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियमचे जे प्रमाण असते, ते आतील प्रमाणाच्या सुमारे दहा हजार पट असते. पेशीपटलातील सूक्ष्म मार्गिका उघडल्या की कॅल्शियम आत शिरते आणि पेशी उद्दीपित होते. यांपैकी ‘टी’ प्रकारच्या मार्गिका विद्युत्‌दाबातील अल्पशा फरकानेही उघडतात. मेंदूच्या मध्यभागातील थॅलॅमसमध्ये त्या विपुल आहेत. तेथील पेशी एका तालात उद्दीपित होऊ लागल्या की मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते. ते पडत नाही, त्याला झटकेही येत नाहीत. विद्युत्‌मस्तिष्कालेखात मात्र सेकंदाला सुमारे तीन या गतीने लाटा उमटतात.

इथोसक्सिमाइड १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आले. ते थॅलॅमसमधील हा कॅल्शियमप्रवाह कमी करते, असे १९८९ मध्ये कूल्टर, ह्यूगेनार्ड व प्रिन्स यांनी दाखविले. पुढे २०१० मध्ये ४५३ मुलांवरील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इथोसक्सिमाइड व व्हॅल्प्रोएट ही औषधे लॅमोट्रिजिनपेक्षा अधिक गुणकारी ठरली. आणि या दोहोंत इथोसक्सिमाइडमुळे मुलांच्या अवधानावर कमी विपरीत परिणाम झाला.

या ज्ञानाचे व्यवहारातील महत्त्व मोठे आहे. हात-पाय झटकून येणाऱ्या मोठ्या झटक्यांवर इथोसक्सिमाइड उपयोगी पडत नाही. उलट, अपस्माराच्या अन्य प्रकारांत गुणकारी असणारे कार्बामाझेपिन या क्षणिक झटक्यांत रोग वाढवू शकते. ‘फेफऱ्याचे औषध’ असे एकच औषध नसते. झटके कोणत्या प्रकारचे आहेत, यावर औषधाची निवड अवलंबून असते.

म्हणूनच वर्गात वारंवार क्षणभर हरवणाऱ्या मुलास आळशी अथवा बेफिकीर ठरविण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी. ते किती वेळा व किती काळ थांबते, हे शिक्षकाने किंवा आईने टिपून ठेवले, तर त्या नोंदीचा निदानास मोठा आधार मिळतो.