कोळ्याला मारायला घेतलेलं औषध

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा आठवड्यावर आला होता, सोयाबीनची सोंगणी उरकली होती. आमचं गाव ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला. सकाळी भांडी घासायला परसात गेले, तर सीताफळापासून कढीपत्त्यापर्यंत ताणलेलं जाळं कपाळाला चिकटलं. मान वर केली, तर हातभर अंतरावर कोळी. पाय पसरलेला, माझ्या पंजाएवढा, काळ्या अंगावर पिवळे पट्टे. हातातलं पातेलं खाली पडलं.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "कातीन हाय ते. अंगावर मुतली त फोडं येतात. लेकराइले तिकडं जाऊ देऊ नको."

आम्हाला तेवढं पुरलं. संध्याकाळी ह्यांनी कपाशीचं उरलेलं औषध पंपात ओतलं, मापबिप न पाहता, आणि जाळ्यासकट अख्खं सीताफळ भिजवून काढलं. कोळी खाली पडला. त्या रात्री आम्ही निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने, तेव्हा पाच वर्षांचा होता तो, झाडावरचं डोळे उघडलेलं सीताफळ तोडलं आणि तिथंच बसून खाल्लं. तासाभरात त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. अंग घामाने ओलं, उलटी, पाय लटपटत होते. आम्हाला वाटलं, दुसरी कातीण चावली. मीठ-पाणी पाजून आणखी उलटी काढायला बघितलं, कुणी झाडपाला चोळला. यात तासभर गेला. तो तास मला आजही झोपू देत नाही.

बुलढाण्याला डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी चावलेली जागा शोधलीच नाही. विचारलं, "घराजवळ फवारणी केली होती का?" मग कोणतं औषध, म्हणून विचारलं. आम्हाला नाव सांगता येईना. बाटली आणायला हे पुन्हा गावाला पळाले. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं, दोन रात्री जागून, आणि लेकरू हाताला लागलं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे आम्ही पेपरात वाचलं होतं. हळहळलो होतो. तेच विष आपल्या परसात, पोरांच्या खेळायच्या जागी मारताना मात्र कुणाचाच हात थबकला नाही. मला वाटतं, आपला शब्दच घात करतो. कपाशीवर मारतो ते 'औषध'. औषध म्हटलं की भीती जाते. बाटलीवरचा त्रिकोण बघत जा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. पण हिरव्या त्रिकोणाचं असलं, तरी शेतातलं औषध घराशी मारायचं नाही. उरलेलं असलं तरी नाही.

तो कोळी कोण होता, हे मी नंतर शोधलं. जाळं सोनेरी पिवळं होतं, उन्हात तारेसारखं चमकत होतं, त्यावरून ओळख पटली. त्याला 'जायंट वूड स्पायडर' म्हणतात. जाळ्याच्या मधोमध बसते ती मादी. तिचं अंगच तीन ते पाच सेंटिमीटर. नर जेमतेम अर्धा सेंटिमीटर, जाळ्याच्या कडेला कचऱ्यासारखा दिसतो. पावसाळा सरता सरता मादी पूर्ण वाढते, म्हणून ती याच दिवसांत नजरेत भरते. ती आपण होऊन माणसावर येत नाही. मुठीत दाबली तर चावेल, जागा दुखेल, लाल होईल, बहुतेक वेळा तेवढंच.

आणि अंगावरचे फोड? पावसाळ्यात दिव्याभोवती मुंगीसारखा लांबट, केशरी-काळा किडा येतो. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. सकाळी उठून पाहतो आणि बोल लावतो कातिणीला. असा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चोळू नका, ती जागा साबणाने धुवा. कमरेला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर ती नागीण असते. तिच्यासाठी पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टर गाठा.

सगळेच कोळी निरुपद्रवी, असं मात्र मी म्हणणार नाही. झाडाच्या ढोलीत, दगडांच्या फटीत राहणाऱ्या केसाळ मोठ्या कोळ्यांच्या काही जाती चावल्यावर स्नायू आखडतात. सरपण, विटा उचलताना काठीने आधी हलवून घ्यावं. चावलंच तर साबण-पाणी आणि गार फडकं. सूज चढत गेली, श्वास लागला, अंग आखडलं तर दवाखाना. पत्तीने चिरा मारायच्या नाहीत. २०१२ मध्ये आसामात सादियाला कोळी चावून दोघं दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा त्या रुग्णांच्या जखमा मांत्रिकांनी पत्तीने चिरल्याचंही पुढे आलं होतं.

औषध पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढू नका. अंगावर उडालं असेल तर कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा, आणि बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या.

जाळं वाटेत आलं तर आता मी लांब काठीला सुती फडकं गुंडाळते, संध्याकाळी कोळ्याला त्यावर चढू देते आणि कुंपणापलीकडच्या बाभळीवर सोडते. जाळं वाटेत नसेल तर तसंच राहू देते. माश्या, टोळ, पतंग त्यातच अडकतात. पहिल्यांदा हात थरथरला होता. औषधाचे डबे शेतातल्या खोलीत कुलपात गेले. किल्ली ह्यांच्या करदोट्याला असते.

यंदा भाद्रपदात सीताफळावर पुन्हा जाळं लागलं. धाकटा चौथीत आहे. आजीचा हात धरून तिला झाडाखाली घेऊन गेला आणि म्हणाला, "आजी, वाकून ये, डोक्याले लागल."