कुंड्यांतील कंदफुलें : लावणीची वेळ

शेतकऱ्याच्या अंगणांत तुळशीवृंदावनाजवळ फुलझाडांच्या चार-दोन कुंड्या असतातच. त्यांत कंदांपासून येणारीं फुलें लावण्याची हौस आतां वाढत आहे. परंतु हे कंद महाग असतात व ते अवेळीं लावून कुजले म्हणजे हौसेबरोबर पैसाही मातींत जातो. म्हणून कोणता कंद कोणत्या महिन्यांत लावावा, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

कांद्याची पात पडली म्हणजे आपण तो काढून चाळींत ठेवतों. कांहीं महिने तो स्वस्थ असतो व मग त्यास मोड येतात. फुलांच्या कंदांचेंही असेंच आहे. प्रतिकूल ऋतु काढण्याकरितां झाडानें भरून ठेविलेली ती कणगी होय. कंदाची झोप कशानें मोडते हें एकदां समजलें, म्हणजे लावणीचा महिना सहज ठरतो.

थंडीनें जागे होणारे कंद. ट्यूलिप, डॅफोडिल व हायसिंथ हे या वर्गांतील होत. ट्यूलिपचा कंद सुमारें ५ ते ९ अंश सेंटिग्रेड थंडींत १२ ते १६ आठवडे राहिल्याशिवाय त्याच्या फुलाचा दांडा नीट लांबत नाहीं. श्रीनगर येथें जबरवन डोंगराच्या पायथ्याशीं इ. स. २००७ सालीं खुल्या झालेल्या ट्यूलिप-बागेंत कंद हिवाळ्यापूर्वीं लावतात व फुलें मार्च-एप्रिलांत येतात. आपल्याकडील हिवाळा यास पुरत नाहीं. म्हणून कंद घेतांना त्यास थंडी दिलेली आहे काय, हें विक्रेत्यास स्पष्ट विचारावें व तसेच कंद डिसेंबरांत लावावे. घरच्या शीतकपाटांत कंद ठेवावयाचे असल्यास त्यांजवळ सफरचंद, केळीं वगैरे फळें ठेवूं नयेत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूनें कंदांतील कोंवळी कळी मरते. इतकें करूनही असा कंद आपल्या हवेंत एकदांच फुलतो, असें धरून चालावें.

विश्रांतीनंतर जागे होणारे कंद. आपल्या अंगणास खरे उपयोगी ते हेच.

१. अमरिलीस लिली : नोव्हेंबरापासून पाणी तोडून कुंडी कोरडी ठेवावी. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारींत माती बदलून कंद लावावा. त्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा. फुलें मार्च-एप्रिलांत येतात.

२. निशिगंध : नुकताच काढलेला कंद महिना-दीड महिना सावलींत कोरडा ठेवून एप्रिल-मे महिन्यांत लावावा. कंद सुपारीएवढा तरी असावा. बारीक कंदास पहिल्या वर्षीं बहुधा पानेंच येतात. दांडे सुमारें तीन-चार महिन्यांनीं निघूं लागतात.

३. ग्लॅडिओलस : याची झोप सुमारें तीन महिन्यांची असते. ऑक्टोबरांत, पाऊस सरल्यावर, लावावा. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन-तीन कुंड्या लावल्यास फुलें पुष्कळ दिवस मिळतात.

कुंडी व पाणी. कुंडी दहा-बारा इंच तोंडाची घ्यावी व तळच्या भोंकावर खापरी ठेवावी. दोन भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत व एक भाग वाळू असें मिश्रण करावें. ताजें शेण घालूं नये. त्यानें कंद नासतो. अमरिलीस सोडून इतर कंद आपल्या उंचीच्या दुप्पट खोल लावावे. लावल्यावर एकदां भरपूर पाणी द्यावें, नंतर कोंब दिसेपर्यंत ओल राहील इतकेंच द्यावें. झोपलेला कंद पाणी पीत नाहीं. त्यांत तो फक्त कुजतो.

फुलें सरल्यावर हिरवीं पानें कापूं नयेत. पुढील वर्षाची कणगी तींच भरतात. पानें आपोआप पिवळीं पडलीं म्हणजे पाणी थांबवावें आणि तो दिवस कुंडीवर लिहून ठेवावा. विश्रांतीचा हिशोब तेथून धरला म्हणजे पुढील लावणी चुकत नाहीं.