‘वय झालंय’ म्हणून सोडू नका

वस्तीत आम्ही बीपी तपासत फिरतो तेव्हा घरोघरी एकच उत्तर मिळतं, “म्हातारीला काय झालंय? वय झालंय.” पण वय हा आजार नाही. आजी दिसत नाही म्हणून कोपऱ्यात बसून राहते, त्यामागे बहुतेक वेळा मोतीबिंदू असतो. सरकारी रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. एकाएकी बरळायला लागलेले आजोबा ‘वेडे’ झालेले नसतात. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं, यांनीही म्हातारं माणूस एका दिवसात भ्रमिष्ट होतं. त्याच दिवशी सीपीआर गाठा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात जवळपास १० माणसं साठीपुढची होती. मुलं मात्र कमी होत चाललीत : २०१९-२१ च्या पाहणीत राज्यात बाईमागे सरासरी १.७. पूर्वी चार भावंडांत वाटलं जाणारं काम आता एकट्या सुनेवर येतं, आणि तीच चार घरची धुणीभांडी करते. सासूला दवाखान्यात न्यायचं तर तिचा खाडा, म्हणून आजचं दुखणं उद्यावर जातं. खाडा मुलानंही करावा की! आई त्याची आहे.

सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. पासष्टीपुढच्या गरीब वृद्धांना श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये आहेत, अर्ज तहसीलला करायचा. आधारवरचं वय मात्र आधी तपासा. बरेच अर्ज तिथंच अडतात.